गव्हाळ मारिया

हे प्रकरण न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमधलं, 2022-23 च्या शालेय वर्षातलं. गावाचं, शाळेचं, मुलांचं नाव घेतलेलं नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. नाटकाच्या वेशभूषेला हात लावणाऱ्या पालकांमध्ये मी होते. त्यामुळे मी काही तटस्थ नाही. एका चुकीत माझाही वाटा आहे, तो त्या जागी सांगते.

पार्श्वभूमी

शाळेत दरवर्षी मार्चमध्ये एक संगीतनाटक होतं. त्या वर्षी दिग्दर्शिका बाईंनी ‘वेस्ट साइड स्टोरी’ निवडलं. कारण उघड होतं. स्टीव्हन स्पिलबर्गचा नवा सिनेमा डिसेंबर 2021 मध्ये येऊन गेला होता आणि मुलांच्या तोंडी गाणी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट, 1957 च्या न्यूयॉर्कमधली. एकीकडे गोऱ्या पोरांची टोळी जेट्स, दुसरीकडे पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्यांची शार्क्स. शार्क्सच्या म्होरक्याची बहीण मारिया जेट्सच्या टोनीच्या प्रेमात पडते आणि शेवटपर्यंत तीन पोरं मरतात.

या गोष्टीला पात्रनिवडीचा जुना इतिहास आहे. 1961 च्या सिनेमाला दहा ऑस्कर मिळाली, पण त्यात मारिया होती नॅटली वुड, जिचे आईवडील रशियाहून आलेले. मारियाचा भाऊ, शार्क्सचा म्होरक्या बर्नार्डो झाला जॉर्ज चाकिरिस, ग्रीक घरातला. शार्क्सच्या चेहऱ्यांना तपकिरी रंग फासलेला. मुख्य भूमिकांत खरी पोर्तो रिकन एकच, बर्नार्डोची प्रेयसी अनिता झालेली रीटा मोरेनो. गंमत म्हणजे तिलाही तोच गडद रंग लावला, कारण सगळे शार्क्स एकसारखे दिसायला हवे होते. आमच्या बेटावर सगळ्या रंगांची माणसं असतात, असं तिनं रंगभूषाकाराला सांगून पाहिलं होतं. उपयोग झाला नाही. म्हणजे पोर्तो रिकन बाईला पोर्तो रिकन दिसण्यासाठी रंगवलं!

स्पिलबर्गनं सुरुवातीलाच जाहीर केलं की शार्क्सच्या बाजूच्या भूमिका लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे कलाकारच करतील. खुली ऑडिशन लावली, तीस हजारांहून जास्त अर्ज आले आणि त्यातून सापडली आमच्याच न्यू जर्सीतली शाळकरी मुलगी, रेचेल झेग्लर. तिच्या आईचं कूळ कोलंबियाचं, पोर्तो रिकोचं नव्हे, आणि त्यावरूनही काहींनी नाकं मुरडली. रीटा मोरेनो एका नव्या भूमिकेत परत आल्या. सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना नव्वद वर्षं पूर्ण झाली. अनिताच्या ज्या भूमिकेनं त्यांना 1962 मध्ये ऑस्कर दिलं, त्याच भूमिकेसाठी 2022 मध्ये एरियाना डिबोसला ते मिळालं. तिचे वडील पोर्तो रिकन.

आमच्या शाळेत भारतीय घरांतली मुलं खूप आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतलीही जवळपास तितकीच. दोघांचे डबे एकाच कॅफेटेरियात उघडतात, पण नाटकाच्या वर्गात मात्र दुसऱ्या गटाची मुलं बोटांवर मोजावी इतकीच. हे आम्ही इतकी वर्षं पाहत होतो आणि कोणाला त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

अडचण

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑडिशन झाली आणि यादी लागली. मारिया झाली होती एका मराठी घरातली अकरावीची मुलगी. आई सांगलीची, वडील नाशिकचे, मुलगी इथलीच जन्मलेली. लहानपणापासून आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर हिंदुस्थानी गाणं शिकते, शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनात, पहिल्या रांगेत असते. आवाजाबद्दल दुमत नव्हतंच, तिच्याएवढं वरच्या पट्टीत सहज जाणारं कोणी नव्हतं. चौदा शार्क्सपैकी लॅटिनो घरांतले चार. बाकी भारतीय, दोन फिलिपिनो आणि एक गोरा मुलगा, ज्याचे केस काळे होते एवढीच त्याची पात्रता.

आता माझी चूक. पालकांच्या पहिल्या बैठकीत मी म्हणाले, “हिला तर रंगभूषाही करावी लागणार नाही.” सगळे हसले, मीही. कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत ‘वर्ण गव्हाळ’ लिहितात ना, त्या एका शब्दात मी सांगली आणि पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन एका पोत्यात भरलं.

त्याच आठवड्यात कोठारातलं सामान काढताना जुन्या प्रयोगाची एक पत्र्याची पेटी सापडली. आत रंगाच्या दोन नळ्या, एकीवर काळ्या मार्करनं ‘शार्क्स’. बूच घट्ट बसलेलं. पक्कडीनं फिरवलं तेव्हा तेल वर आलं आणि मागून काकवीच्या रंगाचा गोळा. मी तो मनगटावर लावून पाहिला. माझ्या हाताशी जुळेना. शेजारी उभ्या असलेल्या, पोर्तो रिकन आजीच्या नातवाच्या हाताशीही जुळेना. तो माझ्याहून दोन छटा गोरा होता. त्यानं नळीवरचं नाव वाचलं, काही बोलला नाही आणि खुर्च्या उचलायला निघून गेला.

आठवड्याभरात पत्र आलं. शाळेच्या स्पॅनिश मंडळातल्या मुलांनी लिहिलेलं, खाली 31 सह्या. पत्र सभ्य होतं. मुलीला काढा असं त्यात कुठेही नव्हतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नाटक आमच्या लोकांबद्दल आहे, ऑडिशनची सूचना आमच्यापर्यंत आली नाही आणि आमच्या जागी ‘साधारण आमच्यासारखे दिसणारे’ उभे केले आहेत. तेवढ्यानं भागायचं असेल तर 1961 सालात आणि आपल्यात फरक काय?

समोरचे पर्याय

पहिला, काहीच न करणं. यादी लागली, ऑडिशन खुली होती, पुढे चला. मुलीच्या वडिलांचं हेच म्हणणं होतं. आमच्या ओट्याशी चहाचा कप धरून ते तावातावानं म्हणाले, “वहिनी, मेरिटवर घेतलंय ना? मग संपलं.” ‘मेरिट’ हा शब्द आपल्याकडे काय काय ओझं वाहतो ते तुम्हाला सांगायला नको. नाशिकहून निघताना ज्या वादातून ते बाहेर पडलो समजत होते, तोच वाद विमानात शेजारी बसून आला होता. पुढे ते म्हणाले, “आपणही इमिग्रंट, तेही इमिग्रंट. भावना तीच.” हे वाक्य त्यांनी नंतर शाळेतल्या बैठकीतही म्हटलं आणि स्पॅनिश मंडळाच्या एका मुलीनं फार शांतपणे दुरुस्त केलं: पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांना व्हिसा लागत नाही. व्हिसा लागत नसूनही परकं धरतात, हीच तर नाटकाची गोष्ट. भावजी गप्प झाले. ग्रीन कार्डची बारा वर्षं वाट पाहिलेला माणूस, त्याला हे नवीन होतं.

दुसरा पर्याय, मारिया बदलणं. तो कोणालाच नको होता, पत्र लिहिणाऱ्यांनाही नाही.

तिसरा, नाटकच बदलणं. हक्कांचे पैसे भरून झाले होते. शिवाय बदलून घ्यायचं काय? एका पालकांनी सुचवलं की शार्क्सना भारतीय करून टाकू, गाव न्यू जर्सीतलं भारतीयांनी भरलेलं एडिसन दाखवू. कल्पना मजेशीर आहे, पण हक्क देणाऱ्या कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय संहितेतला शब्द हलवता येत नाही. ते तिथेच मिटलं.

चौथा, दोन मारिया. प्रयोग चार होते, दोन-दोन वाटून.

या सगळ्यात सर्वांत चांगला युक्तिवाद कुठल्याच बैठकीत झाला नाही. तो मुलीच्या आजीनं केला, ज्या सांगलीहून हिवाळ्याभरासाठी आल्या होत्या. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “बालगंधर्व काय बाई होते? पण बायका त्यांच्या शालूची नक्कल करायच्या. नट तो नट.” मला काही सुचेना. उत्तर त्यांच्या सुनेनं दिलं: “खरंय आई. पण तेव्हा घरंदाज बाईला स्टेजवर चढू कोण देत होतं? बाईला मज्जाव होता म्हणून पुरुष बाई झाले.” आजी थोडा वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग या पोरांना कोणी मज्जाव केलाय, ते बघा आधी.”

काय केलं

नेमकं तेच दिग्दर्शिका बाईंनी केलं, अर्थात आजींचं न ऐकता. पत्राला उत्तर देण्याआधी त्यांनी ऑडिशनची हजेरी काढली. 46 मुलं आली होती. त्यांत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली सहा. त्या सहांपैकी चौघांना घेतलं होतं, म्हणजे निवडीत पक्षपात म्हणावा असं काही नव्हतं. गाळणी आधीच लागली होती. सूचना फक्त संगीत विभागाच्या फळ्यावर आणि कॉयरच्या ईमेलवर, फक्त इंग्रजीत. तालमी रोज साडेपाचपर्यंत आणि शेवटची शाळेची बस सव्वाचारला. ज्यांच्या आया दुसऱ्या पाळीला जातात त्यांनी धाकट्या भावंडांना घ्यायला जायचं की मँबो नाचायचा? वर सहभाग शुल्क 150 डॉलर. त्यात सवलत मिळते, पण ती मागावी लागते, आणि मागता येते हे आधी माहीत असावं लागतं.

पहिला निर्णय हा, की भांडण मारियावरून असलं तरी दुरुस्ती सूचनेपासून करायची. जानेवारीत शार्क्ससाठी पुन्हा ऑडिशन लागली. सूचना दोन भाषांत, कॅफेटेरियाच्या दारावर. त्यावर शुल्कमाफीची ओळ ठळक, आणि तालमीच्या तीन दिवशी सहाची बस. बससाठी पालक संघानं कपड्यांच्या खर्चातून पैसे काढले. मी कुरकुरले, कारण तो माझा खर्च होता. 19 नवी मुलं आली, 11 घेतली. आधीच्या कोणालाही काढलं नाही. काळ्या केसांचा गोरा मुलगा आपणहून जेट्समध्ये गेला, हायसं वाटल्यासारखा.

दुसरा निर्णय दोन मारियांचा. नवी मारिया दहावीतली, घर मूळचं इक्वाडोरचं, शनिवारी सकाळी मामाच्या बेकरीत गल्ल्यावर बसणारी. तीही पोर्तो रिकन नव्हे. बाईंनी पत्र लिहिणाऱ्यांना सरळ विचारलं की हे चालेल का. त्यांच्यातच दोन तट पडले. एक जण म्हणाला, सिनेमातली तरी कुठे होती. दुसरी म्हणाली, म्हणूनच तर. शेवटी कोणी हरकत घेतली नाही, पण कोणी खूश झालं असंही नाही.

हा निर्णय मराठी मुलीला कसा कळवला, ते या प्रकरणातलं सर्वांत वाईट पान. शुक्रवारी रात्री आईवडिलांना ईमेल गेली. त्यांनी ती सोमवारपर्यंत उघडलीच नाही. मुलीला सोमवारी सकाळी लॉकरपाशी एका मैत्रिणीकडून कळलं, तेही “अगं, तुझी अर्धीच राहिली ना?” अशा शब्दांत. त्या दिवशी ती तालमीला आली, गायली आणि नंतर कपड्यांच्या खोलीत येऊन माझ्यासमोर दहा मिनिटं रडली. “काकू, मी काय केलं?” तिनं काहीच केलं नव्हतं.

तालमीत एक गोष्ट घडली, ती मात्र कोणी ठरवून घडवली नव्हती. ही मुलगी मारियाचे संवाद जाड स्पॅनिश हेल काढून बोलायची, ‘र’ चांगला घोळवून. नव्या शार्क्समधल्या एका मुलीला हसू आवरेना. कुठून शिकलीस, तिनं विचारलं. 1961 च्या सिनेमावरून. आणि मग आम्ही सगळ्यांनीच हिशोब मांडला. हेल नॅटली वुडचा, जी रशियन घरातली. गाणी तिनं म्हटलेलीच नाहीत, पडद्यामागचा आवाज मार्नी निक्सनचा, ती कॅलिफोर्नियाची गोरी गायिका. म्हणजे पोरगी महिनाभर घोटून ज्याची नक्कल करत होती, त्यात पोर्तो रिकोचं काहीच नव्हतं. ती स्वतःच खो खो हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिनं हेल टाकून दिला आणि आपल्या न्यू जर्सीच्या इंग्रजीत मारिया बोलली. मला विचाराल तर तिची मारिया त्या दिवशी सुरू झाली.

काय झालं

गुरुवारी रात्री आणि शनिवारी दुपारी आमची मराठी मारिया, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री दुसरी. खरं सांगायचं तर गाण्यात आमचीच उजवी. दुसरीचा वरचा सूर शुक्रवारी फाटला, शनिवारी कसाबसा लागला. पण बर्नार्डोच्या मरणाची बातमी आल्यावर ती जे कोसळली, ते आमच्या मुलीला तालमीतही कधी जमलं नव्हतं. आजी दोघींचे प्रयोग पाहायला आल्या. म्हणाल्या, “आवाज आपल्या पोरीचाच. पण ती दुसरी भावाला हाक मारते ना, तेव्हा त्याची बहीण वाटते.” मुलीचे वडील शनिवारी रात्री आले नाहीत.

शनिवारच्या रात्री सभागृह असं भरलं होतं जसं इतक्या वर्षांत भरलं नव्हतं. मागच्या रांगांत लेकुरवाळी घरंच्या घरं, आज्या शाली लपेटून. आणि तिथेच एक धडा मिळाला. ‘अमेरिका’ या गाण्यात अनिता पोर्तो रिकोला कुरूप बेट म्हणते, रोगराईचं बेट म्हणते. 1961 च्या सिनेमात ही ओळ बदलून सौम्य केली होती, पण शाळांना मिळते ती रंगमंचाची मूळ संहिता. आधीच्या प्रयोगांत त्या ओळीवर हशा आला होता. शनिवारी रात्री कोणी हसलं नाही. ऑर्केस्ट्रा वाजत होता, मुली नाचत होत्या आणि समोर दीडशे माणसं गप्प. अनिता झालेल्या मुलीनं नंतर सांगितलं, तिची आजी चौथ्या रांगेत होती आणि तिच्याकडे बघायचं नाही एवढंच तिनं ठरवलं होतं. माणसं योग्य आणली तरी तोंडात शब्द 1957 चेच. हे आम्हाला जानेवारीत एका मुलानं बजावलं होतं. आम्ही ‘पुढे बघू’ म्हटलं होतं.

त्या 11 नव्या मुलांपैकी सहा जणांनी पुढच्या वर्षी नाटकाचा वर्ग घेतला. मराठी मुलीनं घेतला नाही. ती बारावीत कॉयरमध्येच राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

नाटक निवडतानाच विचारायला हवं होतं की हे कोणाबद्दल आहे आणि ती मुलं आपल्या ऑडिशनला येतात का. सप्टेंबरमध्ये सहाची बस लावली असती तर जानेवारीत दोन मारिया कराव्या लागल्या नसत्या. कदाचित तेव्हाही आमचीच मुलगी निवडली गेली असती. पण मग कोणाला खटकलंच असतं तरी तिला ‘अर्धीच राहिली’ असं ऐकावं लागलं नसतं. स्पिलबर्गच्या त्या नियमातलं महत्त्वाचं काय, तर तो ऑडिशनच्या आधी सांगितला होता. आम्ही खेळ सुरू झाल्यावर पंच नेमला.

मुलीशी आधी बोलायला हवं होतं, समोरासमोर आणि तिच्या आईवडिलांच्याही आधी. ती सोळा वर्षांची होती. माझा अंदाज आहे की विचारलं असतं तर दोन प्रयोग तिनं आपणहून सोडले असते. पण हा अंदाज मी आता काढते आहे. त्यावेळी मला तिच्यासाठी शिवायचा झगा आणि वाचलेला रंगभूषेचा खर्च एवढंच दिसत होतं.

त्या ओळीचं काय करता आलं असतं, यावर अजून आमचं एकमत नाही. हक्कदारांना लिहून सिनेमातल्या शब्दांची परवानगी मागता आली असती. मिळाली असती की नाही हा पुढचा प्रश्न, मागितलीच नाही. काही जण म्हणतात, कार्यक्रमपत्रिकेत चार ओळींची टीप पुरली असती. चौथ्या रांगेतल्या आजीला ती टीप देताना मी स्वतःला डोळ्यांसमोर आणून पाहते आणि मला काही ते पटत नाही.

काकवीच्या रंगाची ती नळी मी फेकून दिली. पेटी चांगली होती, तिच्यात आता सुया-दोरे असतात.

पुढच्या वर्षीच्या नाटकाच्या ऑडिशनची सूचना बाईंनी ऑक्टोबरमध्ये मला नजर टाकायला पाठवली. इंग्रजीत, छान मांडलेली. सहाच्या बसची ओळ नव्हती. मी फोन केला. त्या म्हणाल्या, “या वर्षीच्या नाटकात शार्क्स कुठे आहेत?” मी सूचना तशीच परत पाठवली, बसच्या ओळीची जागा लाल पेनानं दाखवून.